तारली परतली, नियमाचे काय?

केरळच्या किनाऱ्यावर २०१२ साली सुमारे चार लाख टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये ती जेमतेम ३,३०० टन भरली आणि पुढच्याच वर्षी पुन्हा लाख टनांवर गेली. मालवणकडे पेडवे म्हणून ओळखली जाणारी ही मासळी अडीच-तीन वर्षेच जगते. त्यामुळे पावसाळ्यातील वीण साधली की थवे दाटतात, फसली की समुद्र ओस पडतो. यास पाण्याचे तापमान, पाऊस आणि खाद्याची उपलब्धताही कारणीभूत असते. सारा दोष जाळ्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. मात्र पडत्या काळात उरलीसुरली लहान मासळीही उपसली, तर सावरणे लांबते.

केरळने दहा सेंटिमीटरहून लहान तारली पकडण्यास मनाई केली, हे स्वागतार्हच. पण ही मासळी प्रजननक्षम होते ती साधारण पंधरा सेंटिमीटरला! म्हणजे एकदाही अंडी न घातलेली तारली कायदेशीररीत्या बाजारात येऊ शकते. मर्यादा कायमची पंधरावर नेल्यास छोट्या होडीवाल्यांचे हाल होतील, हे खरे. परंतु मंदीच्या वर्षांपुरती ती वाढविण्यास कोणती अडचण आहे? अशा वर्षी मच्छीमारांना भरपाई द्यावी लागेल. तिची तरतूद मासळी मुबलक असतानाच करता येईल.