एका गुणाने

प्रश्नमंजूषेच्या स्पर्धेत वीस गुणांनी हरलेली मुले लवकर सावरतात. एका गुणाने हरलेल्यांना मात्र रात्री झोप येत नाही. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. मोठ्या पराभवात प्रतिपक्ष सरस होता, हे उघडच असते. थोडक्यात हुकलेले यश मात्र मनाला ‘जर’ आणि ‘तर’ यांच्या घाण्याला जुंपून ठेवते.

अशा वेळी सारा दोष शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्यावर येतो, हा मोठाच अन्याय होय. समजा, अखेरचा प्रश्न आला, ‘भीमा नदी कोणत्या नदीस मिळते?’ आणि संघातील एका मुलीने घाईने ‘गोदावरी’ असे सांगितले. उत्तर चुकले, ढाल गेली. सभागृहाबाहेर पडण्यापूर्वीच ‘हिच्यामुळे हरलो’ अशी कुजबुज सुरू होते. परंतु पहिल्या फेरीत दुसऱ्याच कोणी एक सोपा प्रश्न सोडून दिलेला असतो; तिसऱ्या फेरीत घंटा वाजविण्यास विलंब झालेला असतो. त्या गुणांचे मोल शेवटच्या गुणाहून तिळभरही कमी नव्हते. ते आधी गेले, म्हणून कोणाच्या लक्षात राहिले नाहीत, इतकेच.

१९८४ साली लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथ्या आल्या. तिसरी आलेली रुमानियाची धावपटू ५५.४१ सेकंदांत पोहोचली, उषा ५५.४२ सेकंदांत. पापणी लवण्यासही याहून कितीतरी अधिक वेळ लागतो! अंतिम रेषेवर त्यांनी छाती पुढे झोकावयास हवी होती, असे लोक म्हणतात. असेलही. पण त्या शर्यतीत दहा अडथळे असतात, आणि सेकंदाचा तो शंभरावा भाग त्यांपैकी कोणत्याही अडथळ्यापाशी सांडलेला असू शकतो. पुढल्याच वर्षी जाकार्ता येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत उषा यांनी पाच सुवर्णपदके मिळविली; त्यांतील एक याच शर्यतीचे होते. त्यामुळे लॉस एंजेलिसचे पदक काही परत आले नाही.

‘भाग घेणे हेच महत्त्वाचे’ असे सांगून वडीलधारी माणसे मुलांची समजूत घालतात. हेतू चांगला, परंतु मुलांना ते पटत नाही, आणि पटूही नये. ज्याने जिंकण्यासाठी महिनाभर परिश्रम केले, त्याला हरल्याचे दुःख होणारच. ते दोन दिवस होऊ द्यावे. विजेत्यांचे अभिनंदन मात्र त्याच दिवशी, डोळे पुसून, करावे. उद्यावर टाकले की ते राहून जाते. आणि जिचे उत्तर चुकले, तिच्याशेजारी परतीच्या गाडीत कोणीतरी बसावे. काही न बोलता बसले तरी चालेल. तिला तिची चूक समजावून सांगण्याचे कारण नसते. भीमाशंकराहून निघालेली भीमा पंढरपुराला वळसा घालून पुढे रायचूरजवळ कृष्णेला मिळते, हे त्या संघात आता तिच्याइतके पक्के कोणालाच ठाऊक नसते.