आधी पंचनामा, मग नवे इंजिन!

गोव्यात फोंड्याच्या एखाद्या गॅरेजात महागडी स्पोर्ट्‌स कार बोनेट उघडून उभी राहिली की बघ्यांची गर्दी जमते. इंजिनाची किंमत सगळे विचारतात. ते मेले कशाने, हे कुणीच विचारत नाही. ‘इंजिन बसलं, दुसरं टाका’ एवढ्यात निकाल लागतो आणि खरा आरोपी नव्या इंजिनासोबत त्याच गाडीतून सुखरूप घरी जातो. असल्या अडाणीपणाला दुरुस्ती म्हणायला आम्ही तयार नाही!

इंजिन दैवाने मरत नाही. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. तेलाचा दाब घसरला की तो तुटतो, धातूवर धातू घासतो आणि लाखोंचा चुरा होतो. जमिनीलगत धावणाऱ्या या गाड्यांचे ऑइल चेंबर आपल्या बेताल गतिरोधकांवर आपटून गळू लागतात. अनमोड घाटात गाडी भरधाव वळवली की तेल चेंबरच्या एका कडेला धावते आणि पंप हवा ओढतो. शर्यतीच्या गाड्यांना तेलाची वेगळी टाकी देतात ती याचसाठी. तेल वर्षानुवर्षे बदलले नाही की गाळाने जाळी तुंबते. डॅशबोर्डवरचा बुधलीचा लाल दिवा लागतो तोवर दाब जवळजवळ संपलेला असतो. तरीही मालक म्हणतो, ‘फोंडा गाठू, मग बघू!’ आणि एखादा गॅरेजवाला जाड तेल ओतून दिवा तेवढा विझवतो. एकाचा माज, दुसऱ्याची लबाडी!

मग येते दुसरे इंजिन, बरेचदा भंगारातून उचललेले. जुन्या बेअरिंगचा चुरा ऑइल कूलरमध्ये आणि नळ्यांत तसाच पडून असतो. तो नव्या इंजिनाच्या बेअरिंगवर जातो आणि तेही बसते.

‘श्रीमंतांची गाडी, श्रीमंतांचा पैसा, आम्हाला काय त्याचे?’ असे म्हणणाऱ्यांनी रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून घसरलेल्या स्कूटरवाल्याला विचारावे! इंजिन कुणाचेही असो, रस्ता सर्वांचा आहे.

कायदा मुका नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते, आणि बदल केल्यावर १४ दिवसांत तो कळवावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने तर सदोष वाहने परत बोलावण्याचे कलम ११०अ आणले. पण तक्रारच नोंदली गेली नाही, तर दोष कुणाला दिसणार? गुपचूप बदललेले प्रत्येक इंजिन एक पुरावा नष्ट करते.

पुरावा जपला की काय होते ते पाहा. २०१४ साली काही पोर्श ९११ जीटी३ गाड्यांना आग लागली. कंपनीने ७८५ गाड्या थांबवल्या. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होतात, इंजिनाचे कवच फुटते आणि बाहेर पडलेले तेल पेट घेते, हे शोधून जगजाहीर केले. त्यानंतरच सगळी इंजिने बदलली. आणि आपण? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार तयार झाली. तिचे ११४९ सीसीचे इंजिन मात्र फ्रान्सच्या रेनो कंपनीचे. इंजिनाची विद्या तेव्हाही उसनी होती. आज तर ती उसनी घेण्याचीही तसदी आपण घेत नाही!

फोंड्याजवळ फर्मागुढीच्या टेकडीवर १९६७ साली स्थापन झालेले सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे, आणि शहरातल्या गॅरेजांत इंजिनाचे निदान अजून कानाने होते. ही दरी कुणी बुजवायची? मेलेले इंजिन उघडून तपासण्याची आणि तेलाची चाचणी करण्याची सोय सरकारने त्या महाविद्यालयात करावी. जुने इंजिन कशाने गेले याचा लेखी अहवाल असल्याशिवाय फोंड्याच्या वाहतूक कार्यालयाने नव्या इंजिनाची नोंद करू नये. इंजिने विकणाऱ्या भंगारवाल्याला प्रत्येक इंजिन क्रमांकाची वही ठेवणे भाग पाडावे. यांतल्या एकाही गोष्टीला कोटींचा निधी लागत नाही. लागते ती टेबलामागच्या माणसाची इच्छा, आणि ती नसेल तर त्याने ते टेबल सोडावे!