लाइकली, लायबल आणि बाउंड



आमच्या चाळीतल्या एक ताई मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा कागद घेऊन घरी आल्या. अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला जोडायचा राहून गेला होता. कागदाच्या तळाशी छापले होते, ‘इनकम्प्लीट अ‍ॅप्लिकेशन्स आर लायबल टू बी रिजेक्टेड.’ ताई म्हणाल्या, ‘‘भाऊ, अर्ज तर बादच झाला. आता खेटे कशाला घालू?’’ शेवटच्या तारखेला चार दिवस होते. मी म्हटले, ‘‘बाद झालेला नाही, बाद होऊ शकतो एवढाच याचा अर्थ. उद्याच दाखला नेऊन द्या.’’ त्यांनी दाखला दिला आणि पोचपावतीही घेतली.

एका शब्दापायी मुलीची शिष्यवृत्ती बुडाली असती. म्हणून आज दिसायला सारखे वाटणारे हे तीन शब्द नीट ओळखून घेऊ.

‘इज लाइकली टू’ म्हणजे होण्याचा संभव जास्त. आभाळ भरून आले की म्हणावे, ‘इट इज लाइकली टू रेन.’ गोष्ट चांगली असो की वाईट, हा शब्द चालतो. संभव कमी असेल तर ‘अनलाइकली’. ‘ही मे कम’ म्हणजे तो येईल किंवा येणारही नाही. ‘ही इज लाइकली टू कम’ म्हणजे पारडे येण्याकडे झुकलेले आहे. आपली मुले ‘ही इज पॉसिबल टू कम’ असे लिहितात, ते चूक. तिथे ‘लाइकली’च हवे.

‘इज लायबल टू’ हा नुकसानीचा शब्द. दंड, कारवाई, अर्ज फेटाळणे अशा ठिकाणी तो येतो. नियमाप्रमाणे तसे करता येते, पण ते झालेच असे नाही. मुलीला बक्षीस मिळेलसे वाटत असेल, तर ‘शी इज लायबल टू विन’ म्हणू नये. ‘लाइकली टू विन’ म्हणावे.

‘इज बाउंड टू’ म्हणजे होणारच. अभ्यासच केला नाही, तर ‘ही इज बाउंड टू फेल.’ पण याला दुसराही अर्थ आहे, बांधील असणे. ‘द एम्प्लॉयर इज बाउंड टू पे’ म्हणजे मालक पैसे देण्यास बांधील आहे. तो आपणहून देईलच, असे त्यात लिहिलेले नाही! असा कागद हाती आला की निर्धास्त बसू नका, मागणीचा अर्ज लिहा आणि त्याची प्रत जपून ठेवा.

इंग्रजी कागद वाचताना मनाला मराठीत तीन प्रश्न विचारा: होईलसे दिसते, होऊ शकते, की होणारच? उत्तर सापडेना, तर जाणत्या माणसाला विचारा. विचारण्यात कसली लाज? न विचारता घरी बसण्यात मात्र नुकसान आहे.