सुरक्षा प्रशिक्षण : कर्तव्य कायद्यात, पुरावा नोंदवहीत

नवी दिल्ली : चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशभर अमलात आल्या, तेव्हा सार्वजनिक चर्चेचा बहुतेक भर वेतनाची नवी व्याख्या, उपदान आणि कामगार कपातीची मर्यादा या विषयांवर राहिला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही त्या मानाने मागे पडली. वास्तविक तेरा केंद्रीय कायदे स्वतःत सामावून घेणाऱ्या या संहितेचा संबंध थेट कामगाराच्या जिवाशी आहे. कामगारांना आवश्यक ती माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरविण्याचे कर्तव्य तिने मालकावर टाकले आहे. त्याच वेळी कारखान्याची व्याख्या आणि तपासणीची रीत, दोन्ही तिने बदलली आहेत. त्यामुळे एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. कामगाराला प्रशिक्षण मिळाले की नाही, हे शासनयंत्रणा कशावरून ठरविणार?

प्रश्न तात्त्विक नाही. केंद्राच्या कारखाना सल्ला सेवा व श्रमसंस्था महासंचालनालयाच्या आकडेवारीनुसार २०१७ ते २०२० या काळात नोंदणीकृत कारखान्यांत दरवर्षी सरासरी सुमारे १,१०० कामगार मृत्युमुखी पडले, म्हणजे दिवसाला सुमारे तीन. बांधकामे, गल्लीबोळांतील कार्यशाळा आणि नोंदणी नसलेले उद्योग या संख्येत येत नाहीत. त्यानंतरही दुर्घटनांची मालिका थांबलेली नाही. मे २०२४ मध्ये डोंबिवलीतील रासायनिक कारखान्यात, ऑगस्ट २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातील अनकापल्ली जिल्ह्यातील औषधनिर्मिती कारखान्यात आणि ३० जून २०२५ रोजी तेलंगणातील पाशमैलारम औद्योगिक वसाहतीत स्फोट झाले. पाशमैलारम येथे चाळीसहून अधिक कामगारांचा बळी गेला आणि त्यांतील अनेक जण ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश अशा राज्यांतून आलेले होते.

कर्तव्य जुनेच

प्रशिक्षणाची सक्ती संहितेने प्रथमच आणली, असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २२ नुसार चालू यंत्राची तपासणी किंवा वंगण घालण्याचे काम खास प्रशिक्षित प्रौढ कामगारानेच करावयाचे होते. त्याचा पोशाख घट्ट असावा, तो भोगवटादाराने पुरवावा आणि त्या कामगाराचे नाव नोंदवहीत असावे, इतका तपशील त्या कलमात होता. कलम २३ ने धोकादायक यंत्रावर अल्पवयीन कामगाराला पुरेसे प्रशिक्षण किंवा जाणकाराची देखरेख असल्याखेरीज काम देण्यास मनाई केली होती.

भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८७ मध्ये, या कायद्यात मोठी भर पडली. कामगारांना प्रशिक्षण देणे हे भोगवटादाराचे सर्वसाधारण कर्तव्य ठरले. धोकादायक प्रक्रियेतील धोक्यांची माहिती कामगारांपुढे उघड करण्याचे बंधन आले आणि सुरक्षा समितीत कामगारांच्या सहभागाची तरतूद झाली. कलम १११अ ने तर सुरक्षेविषयी माहिती मिळविणे आणि प्रशिक्षण घेणे हा कामगाराचा हक्क मानला.

या दुरुस्तीमागे कटू अनुभव होता. भोपाळच्या कारखान्यात खर्चकपातीच्या काळात मिथाइल आयसोसायनेट विभागातील चालकांची संख्या बारावरून सहावर आणली गेली होती. वायू थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती. कामाच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि ती भाषा नीट जाणणारे कामगार थोडे होते. अपुरे प्रशिक्षण, तोकडे मनुष्यबळ आणि बंद पडलेली यंत्रणा या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या. त्यांतील एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही, हा २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीचा धडा आहे.

खाणीत एक रीत, कारखान्यात दुसरी

देशातच एक वेगळे उदाहरण आहे. खाणकामासाठी १९६६ पासून स्वतंत्र व्यावसायिक प्रशिक्षण नियम आहेत. त्यांचे तत्त्व साधे आहे : विहित प्रशिक्षण पूर्ण झाल्याखेरीज खाणीत काम नाही. त्यासाठी प्रशिक्षण केंद्रे आहेत आणि ठराविक काळाने उजळणीही आहे. खाणी आज अपघातमुक्त झाल्या आहेत असे कोणी म्हणणार नाही. पण प्रशिक्षण आधी आणि काम नंतर, हा क्रम तेथे नियमानेच ठरवून दिला आहे.

बहुतेक कारखान्यांत हा क्रम इतका स्पष्ट नाही. मोठ्या कंपन्यांत सुरक्षा अधिकारी, वर्ग आणि सराव असतात. मध्यम आणि लहान उद्योगांत मात्र ठेकेदाराने सकाळी आणलेला कामगार दुपारी यंत्रावर उभा राहतो. प्रशिक्षणाच्या नावाखाली घाईघाईने दिलेल्या चार सूचना आणि त्याखाली घेतलेली सही किंवा अंगठा एवढेच उरते. निरीक्षकापुढे नोंदवही ठेवली जाते आणि ती पूर्ण असते. कामगाराला यंत्र थांबविण्याचे बटण कोठे आहे हे ठाऊक आहे काय, याचे उत्तर मात्र त्या नोंदवहीत सापडत नाही.

ठेकेदारीचा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. कारखाने अधिनियमाच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत, प्रमुख मालकाच्या नकळतही, नेमलेला माणूस कारखान्याचाच कामगार मानला जातो. व्यवहारात मात्र त्याच्या प्रशिक्षणाची जबाबदारी मालक ठेकेदारावर आणि ठेकेदार मालकावर ढकलतो. अपघातानंतर कामावर नेमके किती लोक होते, हेही सांगता न येणारे कारखाने या देशात आहेत.

भाषेचा प्रश्नही तितकाच मूलभूत आहे. कारखान्यातील सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात, असे जुन्या कायद्याचे कलम १०८ सांगत असे. स्थलांतरित कामगारांच्या औद्योगिक वसाहतींत 'बहुसंख्यांची भाषा' ही कल्पनाच अपुरी पडते. एका पाळीत ओडिया, भोजपुरी, तेलुगू आणि हिंदी बोलणारे कामगार शेजारीशेजारी उभे असतात. खानदेशातून सुरतेच्या कारखान्यांत गेलेल्या मराठी कामगारापुढे भिंतीवरची गुजराती सूचना आणि बिहारहून चाकणला आलेल्या कामगारापुढची मराठी सूचना, दोन्ही सारख्याच मुक्या ठरू शकतात.

प्रशिक्षणाची मर्यादा

प्रशिक्षणाचा आग्रह धरताना त्याची मर्यादाही ओळखावी लागते. सुरक्षाशास्त्रात उपायांची एक उतरंड मान्य आहे. धोका मुळातून काढून टाकणे सर्वांत वर. मग घातक पदार्थाऐवजी सौम्य पदार्थ वापरणे. मग यंत्राला कुंपण, संवेदक, वायुवीजन यांसारखी तांत्रिक तजवीज. त्याखाली नियम आणि प्रशिक्षण. आणि शेवटी हेल्मेट व हातमोजे. प्रशिक्षण या उतरंडीत खालच्या पायऱ्यांवर आहे.

वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांतील पॉवर प्रेस हे याचे ठळक उदाहरण आहे. कामगार हाताने पत्रा साच्यात सरकवतो आणि वरून प्रेसचा दाब खाली येतो. दोन्ही हातांनी एकाच वेळी बटण दाबल्याशिवाय यंत्र चालू नये, किंवा हात आत असताना संवेदकाने ते थांबवावे, अशी सोय करता येते. उत्पादनाचा वेग वाढविण्यासाठी ती सोय निकामी केली, तर कामगार कितीही शिकलेला असो, थकलेल्या हाताची एक चूक बोट घेऊन जाते. मानेसर परिसरातील जखमी कामगारांमध्ये काम करणाऱ्या 'सेफ इन इंडिया फाउंडेशन' या संस्थेच्या अहवालांनी हेच चित्र वर्षानुवर्षे नोंदविले आहे. त्या जखमींत स्थलांतरित आणि कंत्राटी कामगारांचे प्रमाण मोठे आहे. अशा अपघातानंतर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे कारण लिहिणे सोपे असते आणि प्रशिक्षणाची सही तेव्हा मालकाच्या बचावाचा पुरावा बनते.

संहितेने काय दिले, काय बदलले

संहितेच्या जमेच्या बाजू दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. पूर्वी सुरक्षेच्या तरतुदीचा भंग होऊन मृत्यू झाल्यास किमान दंड २५ हजार रुपये होता; आता कर्तव्यातील कसुरीमुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाच्या किमान निम्मी रक्कम पीडिताला किंवा त्याच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. सुरक्षा अधिकाऱ्याची सक्ती पूर्वी सर्वसाधारणपणे एक हजार कामगारांच्या कारखान्याला होती. ती आता ५०० वर आणि धोकादायक प्रक्रियेत २५० वर आली आहे. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. गंभीर धोक्याची रास्त भीती वाटल्यास कामगार ती मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो.

दुसरी बाजूही आहे. वीज वापरणाऱ्या उद्योगासाठी कारखान्याची मर्यादा दहावरून वीस कामगारांवर आणि वीज न वापरणाऱ्यासाठी वीसवरून चाळीसवर गेली आहे. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना संहितेची सर्वसाधारण कर्तव्ये लागू राहतात आणि जिवाला धोका असलेल्या कामांत एका कामगारासाठीही सरकार संहिता लागू करू शकते. तथापि, कारखान्यांसाठीच्या सविस्तर तरतुदींच्या कक्षेतून अनेक छोटे उद्योग बाहेर पडतात. तेथे प्रशिक्षणाचे कर्तव्य शिल्लक राहते. ते पाळले गेले का, हे पाहणारी नजर दूर जाते.

निरीक्षक आता 'निरीक्षक तथा सुविधाकार' झाला असून तपासणीसाठी संगणकीय यादृच्छिक निवडीची पद्धत आहे. त्यामागची उद्योजकांची तक्रार निराधार नव्हती. निरीक्षकाची भेट म्हणजे कागदपत्रांतील त्रुटी शोधणे आणि त्यांची तडजोड करणे, असा अनुभव लहान उद्योजक दीर्घकाळ सांगत आले आहेत. पंधरा कामगारांच्या कार्यशाळेला स्वतःचा प्रशिक्षक नेमणे परवडत नाही, हेही खरे आहे. अशा उद्योजकाला सल्ला देणारा अधिकारी स्वागतार्हच आहे. पण सल्ला आणि पडताळणी ही दोन वेगळी कामे आहेत. कामाची ठिकाणे आवश्यक तितक्या वेळा आणि बारकाईने तपासली जावीत, अशी अपेक्षा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या कामगार निरीक्षणविषयक ८१ व्या करारात आहे आणि भारताने तो १९४९ मध्येच स्वीकारला आहे. सुरक्षित व आरोग्यदायी कार्यस्थळ हे तत्त्व २०२२ मध्ये या संघटनेने श्रमिकांच्या मूलभूत हक्कांत समाविष्ट केले. त्याआधी, १९९५ मध्ये, ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराच्या आरोग्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ शी जोडला होता.

नियम राज्यांच्या हाती

कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे आणि बहुतेक खासगी कारखान्यांसाठी समुचित शासन म्हणजे राज्य सरकार. त्यामुळे संहितेतील 'प्रशिक्षण' या शब्दाला प्रत्यक्षात किती वजन येईल, हे राज्यांचे नियम आणि त्यांची अंमलबजावणी ठरवील. धोकादायक यंत्र वा प्रक्रियेवर प्रशिक्षणाआधी काम नाही, हा खाणींतील क्रम कारखान्यांनाही लावता येईल. प्रशिक्षण त्या कामगाराच्या भाषेत आणि प्रत्यक्ष यंत्रापाशी व्हावे, तसेच ठेकेदाराच्या माणसांचे उत्तरदायित्व निःसंदिग्धपणे प्रमुख मालकाचे असावे, असे नियमात लिहिता येईल. औद्योगिक वसाहतीतील लहान उद्योगांसाठी सामायिक प्रशिक्षण केंद्रे उभारता येतील. मुंबईतील केंद्रीय श्रमसंस्था आणि चेन्नई, कानपूर, कोलकाता, फरिदाबाद येथील प्रादेशिक श्रमसंस्था यांचे ज्ञान त्यासाठी उपलब्ध आहे.

पडताळणीची रीत बदलणे मात्र सर्वांत निकडीचे आहे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने नोंदवही पाहण्याआधी यंत्रावरच्या चार कामगारांना, पर्यवेक्षक जवळ नसताना, त्यांच्या भाषेत विचारावे : हे यंत्र बंद कसे करायचे, यात कोणते रसायन आहे, गळती झाली तर कोणत्या दाराने बाहेर पडायचे, धोका दिसल्यावर काम थांबविले तर पगार कापला जातो का. या प्रश्नांना मोठा खर्च लागत नाही. धोका दाखवून देणाऱ्या कंत्राटी कामगाराचे काम दुसऱ्या दिवशी टिकेल, याची हमी असल्याशिवाय शेवटच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र मिळणार नाही.

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. कारखान्यांच्या प्रवेशद्वारांवर फलक लागतात आणि कामगार सुरक्षेची प्रतिज्ञा घेतात. संहिता लागू झाल्यानंतर त्या प्रतिज्ञेत कामगाराइतकाच मालकाचा आणि शासनाचाही वाटा आहे. प्रशिक्षणाचा भार मालकाने नोंदवहीवर आणि शासनाने मालकाच्या शब्दावर सोडला, तर अपघाताचा भार पूर्वीप्रमाणेच सर्वांत कमी वेतनाच्या माणसावर येऊन पडेल.