पिक्सेल एक आरचा, बांधी चार आरची

गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्याच्या शिवारात धानावर तुडतुडा पडला की आधी बांधीच्या मधोमध एक वाळकी चकती दिसते, दोन-तीन मीटर रुंदीची. त्याच वेळी फवारणी झाली तर बांधी वाचते, उशीर झाला तर चकत्या एकमेकींना मिळतात. ही चकती शेतकऱ्याला धुऱ्यावरून दिसते. उपग्रहाला ती दिसते का, हा प्रश्न आता पैशाचा झाला आहे, कारण पिकाची नोंद आणि विमा दोन्ही प्रतिमांवर ठरू लागले आहेत. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी मोबाइलमधल्या फोटोवर चालते. केंद्राच्या पीकविमा योजनेतही 2023 च्या खरिपापासून धानाचं उत्पादन ठरवताना उपग्रह आणि तत्सम तंत्रज्ञानाच्या अंदाजाला किमान 30 टक्के भार देण्याचं धोरण आलं.

या प्रतिमांबद्दल दोन मतं ठामपणे मांडली जातात. वरून यंत्राने पाहिलं, त्यात माणसाचा हात नाही, म्हणून ते खरं, हे एक. संगणकावर संस्कार केलेली प्रतिमा म्हणजे बनवाबनवी, मूळ फोटो तेवढा खरा, हे दुसरं. माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्हींची किंमत धान पिकवणाऱ्यालाच मोजावी लागते.

पहिलं मत तपासू. अंकीय प्रतिमा म्हणजे आकड्यांचा तक्ता. त्यातला एकेक आकडा जमिनीच्या ठरावीक चौकोनातून, म्हणजे एका पिक्सेलमधून, आलेल्या प्रकाशाची सरासरी असतो. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाचा सर्वांत बारीक चौकोन 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्यावरचा बरोबर एक आर. लँडसॅटचा चौकोन नऊ आरांचा, आपल्या रिसोर्ससॅटच्या लिस-3 कॅमेऱ्याचा सुमारे साडेपाच आरांचा.

आता 20 मीटर बाय 20 मीटरची, चार आरांची बांधी घ्या. उपग्रहाची चौकट आपल्या धुऱ्यांशी जुळवून आखलेली नसते. त्यामुळे अशा बांधीला एकूण नऊ पिक्सेल शिवतात आणि त्यातला निव्वळ या बांधीचा असा एकच असतो. उरलेल्या आठांत धुरा, धुऱ्यावरची तूर, शेजाऱ्याचं पीक, पांदण असं सगळं मिसळलेलं. बांधी तिरकी असेल तर तो एकही हाती लागेलच असं नाही.

त्या एका पिक्सेलमध्ये तुडतुड्याची तीन मीटरची चकती पडली, तर ती त्याचा जेमतेम 7 टक्के भाग व्यापते. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्याला न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोहोंच्या वजाबाकीला बेरजेने भागलं की एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा निर्देशांक मिळतो. निरोगी धान लाल प्रकाश 5 टक्के आणि अवरक्त 45 टक्के परत फेकत असेल, तर निर्देशांक 0.80. वाळक्या चकतीचं प्रमाण 20 आणि 30 टक्के धरलं, तर तिचा 0.20. दोन्ही मिसळलेल्या पिक्सेलचा निर्देशांक मात्र 0.76 येतो. एवढा फरक थोड्या धुरकट हवेनेही पडतो. चकती तिथे आहे, यंत्राने खोटंही सांगितलेलं नाही, तरी नोंदीत नुकसान नाही.

तलावांचंही असंच होतं. गोंदिया-भंडाऱ्याचे माजी मालगुजारी (मामा) तलाव बेशरम आणि जलकुंभीने झाकले जातात, आणि हिरवेपणाचा निर्देशांक तिथे पाण्याऐवजी वनस्पती दाखवतो. तेवढ्यावर तलाव आटला म्हणणं हा सरळ अन्याय ठरेल. शिवाय पावसाळ्यात, रोवणी ऐन भरात असताना, ढगांमुळे उपग्रहाचा कॅमेरा कित्येकदा आंधळाच असतो. तेव्हा रडार कामाला येतं. सेंटिनेल-1 किंवा आपल्या रिसॅटच्या सुमारे साडेपाच सेंटिमीटरच्या लहरी ढगांतून आरपार जातात. पाण्याने भरलेली बांधी रडारला काळी दिसते आणि धान वाढेल तशी उजळत जाते. भाताचे नकाशे याच खुणेवर काढतात. पण रडारच्या प्रतिमेत बारीक ठिपक्यांचा गोंगाट असतो. तो शमवायला शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घ्यावी लागते, आणि सरासरी घेतली की धुरा पुसला जातो.

म्हणून उपग्रह नकोच, असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. पीक कापणी प्रयोग एका महसूल मंडळात मोजकेच होतात, उपग्रह प्रत्येक शिवारावरून जातो. मंडळभर पसरलेला पूर किंवा रोवणीतला उशीर तो माणसापेक्षा चांगला टिपतो. एकेका बांधीचा निवाडा मात्र त्याच्या 10 मीटरच्या पिक्सेलवर सोपवू नये.

दुसरं मत, मूळ फोटोच खरा असल्याचं. असा अस्पर्श फोटो मोबाइलमधून निघतच नाही. बहुतेक कॅमेऱ्यांच्या संवेदकावर ब्राइस बायर यांनी शोधलेली, 1976 साली पेटंट मिळालेली रंगजाळी असते: निम्मे ठिपके हिरव्याचे, पाव लालचे, पाव निळ्याचे. प्रत्येक ठिपक्यावर एकच रंग मोजला जातो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे फोटोतल्या रंगांच्या आकड्यांपैकी दोन तृतीयांश मोजलेले नसतातच. वर फोन स्वतःच्या मताने पांढरा रंग ठरवतो, कडा धारदार करतो आणि जेपीजी करताना 8 बाय 8 ठिपक्यांच्या तुकड्यांतला बारकावा गाळतो. पिवळ्या पडलेल्या धानाचा फोटो फोनने आपसूक हिरवट केला, तर त्याला मूळ पुरावा कसं म्हणायचं? आणि एकदा गळालेला बारकावा पुढे कितीही मोठं करून परत येत नाही. मोठं करणारा प्रोग्रॅम शेजारच्या आकड्यांवरून नवे आकडे रचतो, इतकंच.

तेव्हा संस्कार झाले का, यावर भांडून उपयोग नाही. कोणते झाले, सगळीकडे सारखे झाले का आणि मूळ आकडे जपले का, हे विचारायला हवं. उजेड-अंधार संपूर्ण प्रतिमेवर एकाच नियमाने वाढवला तर ती मांडणी झाली, एकाच कोपऱ्यात वाढवला तर फसवणूक. जैववैद्यक संशोधनात हा प्रश्न फार गंभीर ठरला आहे. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी 2016 साली 20,621 शोधनिबंध तपासले, त्यांतल्या 3.8 टक्क्यांत संशयास्पद चित्रं सापडली. शास्त्रज्ञांकडून मूळ फाइल मागितली जाते, मग शेतकऱ्याचा दावा फेटाळणाऱ्याकडून का मागू नये?

सगळ्यांत जास्त लक्ष उंबरठ्याच्या आकड्याकडे हवं. निर्देशांक किती खाली गेला की पीक बाधित धरायचं, 0.5 की 0.4? नकाशावरचा लाल रंग या एका निवडीने वाढतो आणि आटतो. जपानच्या नोबुयुकी ओत्सू यांनी 1979 साली असा उंबरठा प्रतिमेतल्या आकड्यांच्या विभागणीवरूनच काढण्याची रीत दिली, पण ती वापरायची की नाही, हेही माणूसच ठरवतो. ही निवड नुकसान झाल्यावर, बंद खोलीत व्हायला नको. रोवणीआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर चार गोष्टी लागाव्यात: कोणता उपग्रह, पिक्सेल किती आरांचा, उंबरठा किती, आणि ढग आले तर काय करणार. दावा फेटाळला तर त्या गटावरचे निव्वळ पिक्सेल किती होते आणि मिसळलेले किती, हा हिशेब नकाराच्या पत्रातच लिहून मिळावा. निव्वळ पिक्सेल दोन-चारच निघाले, तर माणसाने बांधीवर जाऊन पाहणी करणं बंधनकारक असावं.