दडलेली गाळणी

परसदारी एखादे लहानसे तळे असावे, त्यात चार कुमुदे फुलावीत, रंगीत मासे फिरावेत आणि सायंकाळी त्याच्या काठी पुस्तक घेऊन बसावे, ही हौस सुरतेतील बैठ्या घरांत आणि रो-हाऊसांत अलीकडे दिसू लागली आहे. (घरामागच्या मोकळ्या जागेला गुजरातीत 'वाडो' म्हणतात, मराठी कानाला तो शब्द उगाच भारदस्त वाटतो!) हौस चांगली आहे, तिच्याविरुद्ध मला काही म्हणावयाचे नाही. माझा आक्षेप आहे तो तिच्या पाठोपाठ आलेल्या एका समजुतीवर. ती समजूत अशी, की पाणी स्वच्छ ठेवणारी गाळणी एकदा दगडांखाली आणि झाडोऱ्याआड दडविली, म्हणजे तिच्याकडे पुन्हा पाहण्याचे कारण उरत नाही. गाळणी खुशाल लपवावी. परंतु लपवून जिचा विसर पडला, ती गाळणी थोड्याच दिवसांत झाकलेले डबके बनते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तळ्याचे पाणी बिघडते तरी कसे, हे प्रथम पाहावे. माती आणि गळलेली पाने ही घाण डोळ्यांना दिसते. ती जाळीने काढता येते अथवा तळाशी बसते. खरी अडचण न दिसणाऱ्या घाणीची असते. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. पाणी आरशासारखे निवळ दिसत असताही हा अमोनिया माशांना मारू शकतो. आपल्या पूर्वजांना गढूळ पाणी निवळण्याची युक्ती ठाऊक होती. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त विहिरीच्या पाण्यासाठी नागरमोथा, वाळा, आवळा आदींबरोबर कतकाचे फळ सांगितले आहे. हे कतक म्हणजेच आपली निवळी. तिचे बी घड्याच्या आतल्या अंगाला घासले, म्हणजे पाण्यातील माती तळाशी बसते. परंतु निवळीची सत्ता मातीच्या कणांवर चालते. पाण्यात विरघळलेल्या अमोनियापुढे तिचे काही चालत नाही, आणि रोज नवी घाण करणाऱ्या माशांपुढे तर नाहीच नाही.

येथे गाळणीचे खरे काम सुरू होते. तळ्याशेजारी एक पिंप पुरतात. पंप तळ्यातले पाणी पिंपाच्या तळाशी नेऊन सोडतो. तेथून ते प्रथम जाड जाळीतून, मग खडीतून आणि शेवटी स्पंजातून वर चढते व एखाद्या सपाट दगडावरून पुन्हा तळ्यात पडते. पाहणाऱ्याला केवळ लहानसा धबधबा दिसतो. खडीच्या प्रत्येक खड्यावर मात्र जीवाणूंची वस्ती असते. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट कर्दळीची व वेखंडाची मुळे शोषून घेतात. वरच्या वर्गांतील विद्यार्थी नत्रचक्राची आकृती परीक्षेसाठी पाठ करतात. तेच चक्र परसातल्या त्या पिंपात अहोरात्र फिरत असते; त्याला गुण मात्र कोणी देत नाही!

ही वस्ती बसावयाला सुमारे महिना-दीड महिना लागतो. तोवर मासे थोडेच सोडावेत. एकदा बसली की तिला प्राणवायू लागतो, म्हणजेच वाहते पाणी लागते. पुष्कळ घरांत रात्री पंप बंद करतात, विजेची बचत म्हणून. थोडा हिशेब करू. चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल तळ्यात 24 घनफूट, म्हणजे सुमारे पावणेसातशे लीटर पाणी मावते. ते तासा-दीड तासात एकदा फिरविण्यास 20 वॅटचा पंप पुरतो. दिवसभरात त्याला अर्धे युनिटही लागत नाही. छताचा साधा पंखा याच्या तिपटीहून अधिक वीज खातो. उलट रात्री वनस्पतीही पाण्यातला प्राणवायू घेतात, आणि सुरतेच्या उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात तो आधीच कमी असतो. अशा वेळी पंप बंद करणे म्हणजे मासे आणि जीवाणू या दोघांचाही श्वास कोंडणे होय.

मग पाणी हिरवे होते. हिरवेपणा येतो तो पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म शेवाळाचा. ते कापडातून वा खडीतून सहज निसटते. त्यावर उपाय म्हणजे निम्मा पृष्ठभाग कुमुदाच्या पानांनी झाकणे, मासे कमी ठेवणे आणि खाद्य हात राखून घालणे. परंतु धीर सुटलेला गृहस्थ काय करतो? तो क्लोरीन ओततो, खडीवरची सारी वस्ती मारून टाकतो, आठवड्याने मासे उलटे तरंगू लागले की तळ्याला शिव्या देतो, आणि शेवटी तेथे फरशी बसवून मोकळा होतो.

या शहरात प्रश्न केवळ शोभेचा नाही. आपल्या हवेत डासाच्या अंड्याचा डास व्हावयाला आठ-दहा दिवस पुरतात. तळ्यात गप्पी मासे असले तर तेथील अळ्या ते खाऊन टाकतात. पण बंद पडलेल्या गाळणीच्या पिंपात गप्पी पोहोचत नाहीत. झाकण थोडे वाकलेले, आत निश्चल पाणी आणि दाट सावली. डासांना याहून सुखाचे सूतिकागृह कोणते? वर शोभिवंत दगड आणि खाली डेंग्यूची बेगमी, असा हा प्रकार होतो. 1994 च्या सप्टेंबरात पुराच्या पाठोपाठ प्लेग आला आणि लाखो माणसे हे शहर सोडून गेली, ती आठवण ज्यांना आहे त्यांना अधिक सांगणे नलगे. त्याच सुरतेने 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरसह पहिला क्रमांक मिळविला. मधल्या काळात शहर आपोआप पालटले नाही. रोज कोणीतरी गटारांची झाकणे उघडीत होते.

पाणी झाकून नेण्याची कला आपल्याकडे नवी नाही. तुमच्यापैकी अनेकांची मूळ गावे खानदेशात, तापीच्या खोऱ्यात आहेत. त्याच तापीच्या काठी, आपल्याहून पुष्कळ वर, बऱ्हाणपूर आहे. तेथे अब्दुर्रहीम खानखानानच्या काळी, 1615 च्या सुमारास, सातपुड्याकडून जमिनीत झिरपणारे पाणी भुयाराने नगरात आणण्यात आले. त्याला कुंडी भंडारा म्हणतात. पाणी सारे जमिनीखालून येते, मातीखडकातून गाळले जाऊन येते. परंतु त्या भुयारावर ठिकठिकाणी शंभरांहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडे, ठेविलेली आहेत. पुण्यातही अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शनिवारवाड्याकडे बांधीव नळ आणला. कात्रजला तळी दोन: वरच्यात गाळ बसावा आणि खालच्यातले निवळ पाणी नळात जावे. हा नळही जमिनीखालून गेला आणि त्यावरही जागोजागी उच्छ्वास बांधले गेले. हवा खेळावी आणि आत उतरून गाळ काढता यावा, हे त्या तोंडांचे प्रयोजन. ज्यांनी पाणी इतक्या कुशलतेने झाकले, त्यांनी ते तपासण्याची वाट मात्र झाकली नाही. आपल्या वाड्यातल्या पिंपाला एखादा उच्छ्वास ठेवावा, एवढेही आपल्याला सुचू नये ना!

काही सुज्ञ गृहस्थ यावर म्हणतील, "अहो, घाण पाहुण्यांना कशाला दाखवावयाची? आणि ते काम गडी करील." पाहुण्यांना दाखवू नयेच, झाकणावर सपाट दगड ठेवावा, भोवती वेखंड लावावे. पण तो दगड घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एकट्याने सरकविता येईल, इतकाच जड असावा. गड्यावर सोपविलेले काम गडी करीलही. परंतु पाणी निवळ कसे राहते, हे मुलांना कधीच कळणार नाही. ज्या घरात मुलांना तळे दिसते आणि गाळणी दिसत नाही, त्या घरातील मुले नळ, गटार, रस्ता या साऱ्यांविषयी असेच मानू लागतात, की ही सारी सोय कोणी न करता होत असते. मला हे हिरव्या पाण्यापेक्षा अधिक काळजीचे वाटते. शाळांतूनही निसर्गाभ्यासासाठी तळी होत आहेत. तेथे पंपाला कुलूप घालून किल्ली शिपायाच्या खुंटीला लावण्याऐवजी आठवी-नववीच्या तुकड्यांनी आठवड्याची पाळी लावून घ्यावी, आणि त्या पाळीची नोंद वर्गाच्या फळ्यावर असावी, अशी माझी सूचना आहे.

आता पाळी म्हणजे काय करावयाचे, तेही सांगतो. कारण येथेच उत्साही मंडळी घात करतात. पंपाचे बटण प्रथम बंद करून वायर काढावी. झाकण उघडून वास घ्यावा. ओल्या मातीचा वास आला तर सारे ठीक, कुजका आला तर पाणी आत अडले आहे असे समजावे. वीज बराच वेळ गेलेली असेल तर पिंपात साचलेले पाणी तळ्यात न सोडता बाहेर काढावे. स्पंज नळाखाली कधीही धुवू नये, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणूंचा नाश करतो. तळ्याचेच पाणी बादलीत घेऊन त्यात तो दोनदा पिळावा, अगदी लख्ख करण्याच्या नादी लागू नये. खडीला तर महिनोन्महिने हात लावण्याची गरज नसते. सारे मिळून पाव तासाचे काम आहे. उरलेले ते काळपट पाणी मोरीत ओतू नये. परसात केळ असेल तर तिच्या आळ्यात ओतावे. त्यातील नायट्रेट तिला चांगले मानवते.