पहिल्या पायरीवरचा माणूस

इंग्लंड आणि वेल्समधील विवाहनोंदणीच्या दप्तरात, वराच्या नावापुढे त्याची विवाहपूर्व स्थिती लिहिण्याचा जो रकाना असे, त्यात प्रथमच विवाहबद्ध होणाऱ्या पुरुषाची नोंद पिढ्यान्‌पिढ्या ‘बॅचलर’ या एकाच शब्दाने होत आली होती. २००५ सालच्या डिसेंबरात तो शब्द, आणि त्याच्या जोडीचा ‘स्पिन्स्टर’ हा स्त्रीवाचक शब्द, असे दोन्ही त्या रकान्यातून निवृत्त करण्यात आले व त्यांच्या जागी ‘सिंगल’ हा शब्द स्त्रीपुरुषांना सारखाच लागू झाला. एका दप्तरातून त्याला अशी रजा मिळाली असली, तरी विद्यापीठांच्या सनदांतून, इंग्लंडच्या राजदरबारातील किताबांतून आणि आपल्या मुंबई-पुण्यातील घरभाड्याच्या जाहिरातींतून तो अद्याप ठाण मांडून आहे. या शब्दाचा विवाहाशी असलेला संबंध आपण समजतो तितका मूळचा नाही. माणसाला समाजाच्या उतरंडीत तळाच्या पायरीवर उभे करणे हेच त्याचे आरंभापासूनचे कार्य आहे, असे मला वाटते, आणि आज तो आपल्याकडे ज्या रीतीने वापरला जात आहे, त्याबद्दल मला मनापासून काही सांगावयाचे आहे.

हा शब्द इंग्रजीत आला तो जुन्या फ्रेंच भाषेतून. त्यामागच्या लॅटिन शब्दाच्या मुळाविषयी व्युत्पत्तिकारांत एकवाक्यता नाही. तथापि दुसऱ्याच्या मालकीच्या विस्तीर्ण जमिनीचा तुकडा कसणारे कनिष्ठ कूळ, असा त्याचा एक प्राचीन अर्थ मध्ययुगीन कागदपत्रांवरून लावण्यात येतो. पुढे सरंजामशाहीच्या भरभराटीच्या काळात तो अशा तरुण योद्ध्याला लागू झाला, की जो कुलीन आहे, शस्त्रविद्येत निपुण आहे, परंतु ज्याच्या पदरी स्वतःचे पथक नाही, आणि म्हणून ज्याला दुसऱ्या सरदाराच्या निशाणाखाली लढावे लागते. अशा योद्ध्याच्या भाल्यावर टोकाशी दुभंगलेले निमुळते निशाण असे. चौकोनी निशाणाचा मान त्याच्या वरच्या हुद्द्याच्या सरदाराचा. आणि त्या तरुणाने रणांगणावर पराक्रम गाजवला, तर त्याच्या निशाणाची शेपटे तेथल्या तेथे कापून ते चौकोनी करीत, की झाली त्याची बढती. हा विधी काळाच्या ओघात लोपला, पण हुद्दा राहिला. ‘नाइट बॅचलर’ हा ‘सर’ या किताबातील सर्वांत खालचा वर्ग आजही चालू आहे, आणि रवींद्रनाथ ठाकूर यांना १९१५ मध्ये मिळालेला व जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर १९१९ मध्ये त्यांनी त्यागलेला किताब तो हाच. रवींद्रनाथ हे संसार केलेले, मुलाबाळांचे वडील होते. त्या किताबातील ‘बॅचलर’ला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हते.

विद्येच्या क्षेत्रातही हाच क्रम दिसतो. तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात ज्याने अध्ययनाचा पहिला टप्पा ओलांडला, परंतु ज्याला स्वतंत्रपणे अध्यापन करण्याचा अधिकार अद्याप प्राप्त झाला नाही, अशा उमेदवाराला हे नाव मिळाले, आणि पंडितांनी त्या लॅटिन शब्दाला किंचित वाकवून त्यात लॉरेल वृक्षाच्या फळांचा, म्हणजे विजयमालेचा, अर्थ भरला. ती पदवी सात समुद्र ओलांडून १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात आली, आणि १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे हे त्या विद्यापीठाचे पहिले बी. ए. झाले. रानड्यांचे पहिले लग्न त्यापूर्वीच, विद्यार्थिदशेत झालेले होते.

या पदवीच्या संदर्भात मला नेहमी आठवण होते ती कॉर्नेलिया सोराबजी यांची. नाशिकला १८६६ साली जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली ही विदुषी मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर ठरली, आणि पुढे ऑक्सफर्डला जाऊन १८९२ साली तिने ‘बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ’ ही कायद्याची परीक्षा दिली. ती परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. परंतु परीक्षेस बसू देणे वेगळे आणि पदवी बहाल करणे वेगळे, असा त्या काळचा ऑक्सफर्डचा शिरस्ता होता. स्त्रियांना पदव्या देण्याचे त्या विद्यापीठाने १९२० साली मान्य केले, आणि कॉर्नेलियाबाईंच्या हाती ती सनद पडली १९२२ मध्ये, म्हणजे परीक्षेनंतर तब्बल तीस वर्षांनी. त्या आजन्म अविवाहित राहिल्या. विवाहनोंदणीच्या दप्तराने ज्यांना ‘स्पिन्स्टर’ म्हटले असते, त्यांना विद्यापीठाने ‘बॅचलर’ म्हणण्यासाठी तीन दशके ताटकळत ठेवले. पायरी तळाची का असेना, तिच्यावर कोणाला पाऊल ठेवू द्यावयाचे याचा निर्णय वरच्या पायरीवरच्यांच्याच हाती असतो.

मग अविवाहिताचा अर्थ आला कोठून? चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कवी चॉसरच्या काळापर्यंत, तो इंग्रजीत रूढ झालेला आढळतो, आणि त्याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. ज्याच्या नावावर जमीन नाही, तो योद्धा संसार कशाच्या बळावर मांडणार? विद्यार्थी धर्मपीठाच्या शिस्तीत वाढलेला; त्याला गृहस्थाश्रमाची मुभा नव्हती. लंडनच्या कारागीर-संघांतील उमेदवारांना उमेदवारीची मुदत संपेपर्यंत लग्नास मनाई होती. तात्पर्य, हे सारे लोक अविवाहित होते म्हणून कनिष्ठ नव्हते, तर कनिष्ठ होते म्हणून अविवाहित होते. पुढे कार्यकारणाचा हा क्रम लोकांच्या विस्मरणात गेला, आणि लग्न न केलेला पुरुष वयाने, विद्येने आणि कर्तृत्वाने कितीही वाढला तरी त्याच्यात काही तरी उणे आहे, ही समजूत तेवढी शब्दाला चिकटून राहिली. आयझॅक न्यूटन १६६५ मध्ये केंब्रिजचा बी. ए. झाला, १७०५ मध्ये राणी अ‍ॅनने त्याला नाइट केले, आणि १७२७ मध्ये तो अविवाहितच मरण पावला. या शब्दाचे तिन्ही अर्थ एकाच देहात नांदले, आणि त्यांपैकी एकानेही त्याच्या थोरवीचा लेशमात्र पत्ता लागत नाही.

राजसत्तांनीही या समजुतीला कायद्याचे रूप दिले. इंग्लंडमध्ये १६९५ साली पंचवीस वर्षांवरील अविवाहित पुरुषांवर कर बसवण्यात आला, तो १७०६ पर्यंत चालला. मुसोलिनीने विसाव्या शतकात इटलीत तोच प्रयोग केला. प्राचीन रोममध्ये ऑगस्टसच्या कारकिर्दीत, इसवी सन ९ मध्ये, अविवाहितांच्या वारसाहक्कावर निर्बंध घालणारा जो कायदा झाला, तो ज्या दोन कॉन्सलांच्या नावाने ओळखला जातो, ते दोघेही अविवाहित होते, असे इतिहासकार कॅसियस डायो याने नमूद केले आहे.

या सर्व प्रकरणात माझे मन सर्वांत अधिक गुंतते ते चार्ल्स लॅम या निबंधकारापाशी. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत हिशेबाच्या वह्या लिहीत ज्याने आपल्या आयुष्याची तेहतीस वर्षे काढली, त्या या कारकुनाने विवाहितांच्या वर्तनाविषयी एका अविवाहिताची तक्रार, अशा आशयाचा एक निबंध लिहिला आहे, आणि तो खेळकर म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्या खेळकरपणामागे जे होते, ते ज्याला ठाऊक आहे, त्याला तो निबंध हसत वाचता येणार नाही. १७९६ साली, लॅम एकवीस वर्षांचा असताना, त्याची थोरली बहीण मेरी हिला वेडाचा झटका आला आणि त्या भरात तिच्या हातून आईची हत्या झाली. तिला जन्मभर वेड्यांच्या इस्पितळात डांबून ठेवावे, असे इतरांचे म्हणणे पडले असता, या तरुण भावाने तिची जबाबदारी आपल्या शिरावर घेतली, आणि १८३४ साली डोळे मिटेपर्यंत ती निभावली. झटका येण्याची चिन्हे दिसू लागली, की दोघे भावंडे आपण होऊन इस्पितळाची वाट धरीत. ती बरी झाली, की तो तिला घरी घेऊन येई, आणि मग त्याच घरात दोघांनी मिळून मुलांसाठी लिहिलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांच्या कथा तयार होत. १८१९ मध्ये त्याने एका अभिनेत्रीला मागणी घातली, ती तिने नाकारली. नंतर त्याने एक निबंध लिहिला, ज्यात एक मनुष्य आपल्या दोन मुलांना त्यांच्या पणजीच्या गोष्टी सांगत बसला आहे, आणि सांगता सांगता ती मुले पुसट होत होत नाहीशी होतात. कारण ती कधी जन्मालाच आलेली नसतात. अशा पुरुषाला अपूर्ण म्हणावयाचे, तर पूर्णत्व कशाला म्हणावे, हे मला कळत नाही.

आमच्याही कुटुंबात असे एक भाऊकाका होते. मामलेदार कचेरीत कारकुनी करून त्यांनी दिवंगत भावाची मुले वाढवली, त्यांची शिक्षणे आणि लग्ने केली, आणि प्रत्येक लग्नात दांपत्याच्या हातून व्हावयाच्या विधींच्या वेळी ते आपण होऊन मांडवाच्या कडेला जाऊन उभे राहिले. त्यांना कोणी तिकडे जाण्यास सांगितले नव्हते. कोणी थांबवलेही नाही. ‘सडा माणूस’ असे त्यांचे वर्णन होत असे. वस्तुतः पाचसहा जिवांचा भार ज्याच्या खांद्यावर आहे, त्याच्याइतका न-सडा मनुष्य दुसरा कोण?

तत्त्वज्ञांनी मात्र या शब्दावर विलक्षण भरवसा टाकला. अविवाहित प्रौढ पुरुष म्हणजे बॅचलर, हे विधान केवळ शब्दार्थाच्या बळावर सत्य ठरणाऱ्या विधानाचा नमुना म्हणून पाठ्यपुस्तकांतून दिले जाई. क्वाइन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९५१ साली शब्दार्थाधिष्ठित सत्याच्या या कल्पनेवरच आक्षेप घेतला, तेव्हा त्यानेही उदाहरण घेतले ते याच शब्दाचे. १९६३ मध्ये कॅट्झ आणि फोडर या अभ्यासकांनी त्याचे चार अर्थ मांडून दाखवले, त्यांत विणीच्या काळात मादी न मिळालेला तरुण समुद्री सीलही होता. पुढे फिलमोर या भाषाशास्त्रज्ञाने विचारले, की मग पोपला बॅचलर का म्हणत नाहीत? प्रश्न मार्मिक आहे, आणि त्याचे उत्तर असे, की लग्नाची अपेक्षा ज्या समाजव्यवस्थेत केली जाते, तिच्या चौकटीबाहेर या शब्दाला अर्थच उरत नाही.

परंतु ही चौकट उलट्या बाजूनेही मोडते, आणि ती मोडलेली पाहण्यासाठी मुंबईत भाड्याची जागा शोधावयास निघावे. तेथे ‘बॅचलर’ म्हणजे अविवाहित नव्हे. ज्याचे कुटुंब त्याच्याबरोबर राहत नाही तो. सातारा किंवा लातूरहून नोकरीसाठी आलेला, गावी बायको आणि दोन लेकरे असलेला मनुष्य तेथे बॅचलर ठरतो. विधुर ठरतो, घटस्फोटित ठरतो. रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकाही ठरतात. आपल्या गिरणगावात एकेका खोलीत पाळ्या लावून राहणारे, खानावळीत जेवणारे आणि पगाराच्या दिवशी गावी मनिऑर्डर करणारे हजारो कोकणी आणि घाटी कामगार बहुतांशी विवाहित होते. त्यांच्या पोटाची सोय पाहणाऱ्या खानावळवाल्या बायांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, तेव्हा या बिनबायकांच्या संसाराचे खरे स्वरूप शहराच्या काहीसे ध्यानात आले. गावाने त्या पुरुषांना ‘चाकरमानी’ म्हटले. त्या शब्दात चाकरी आहे, तसा मानही आहे.

आखातात तर या अर्थाला सरकारी मान्यताच आहे. रत्नागिरी, खेड, चिपळूण या भागांतून जो तरुण दुबई किंवा दोह्याला जातो, त्याचा पगार ठरावीक मर्यादेच्या खाली असेल, तर त्याला पत्नीला बोलावून घेता येत नाही. आणि पत्नी बरोबर नाही, म्हणून तो तेथे बॅचलर. एका खोलीत अनेकांच्या खाटा, त्यांतील एका खाटेचे भाडे तो भरतो, आणि त्या व्यवहाराला ‘बेड-स्पेस’ म्हणतात. कुटुंबे राहतात त्या वस्त्यांत कामगारांच्या निवासाला मनाई करणारा कायदा कतारने २०१० साली केला, आणि अशा वस्त्यांतून बॅचलरांना हुडकून बाहेर काढण्याच्या मोहिमा अमिरातींतील नगरपालिका करीत आल्या आहेत. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा, दुसऱ्याच्या निशाणाखाली उभा असलेला, संसार मांडण्याची ऐपत नसलेला तो मध्ययुगीन मनुष्य नेमका येथे पुन्हा भेटतो. फरक इतकाच, की त्याचा संसार मांडून झालेला आहे, आणि तरीही तो नाकारला जात आहे.

परदेशच्या कायद्यांवर आपला इलाज नाही. पण आपल्या इमारतीच्या फलकावर काय लिहावे, हे आपल्या हाती आहे. भाडेकरू उपद्रवी निघाला तर त्याला कारणे दाखवून जागा सोडावयास सांगण्याचा हक्क मालकाला असावा, याविषयी माझा वाद नाही. माझा आक्षेप आहे तो माणूस दारात येण्यापूर्वीच एका शब्दाने त्याची परीक्षा उरकण्याला. ज्या वाचकांच्या गृहनिर्माण संस्थेच्या ठरावांत बॅचलरांना जागा न देण्याचे कलम असेल, त्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत ते रद्द करण्याची सूचना मांडावी, आणि येणाऱ्याकडून ओळखीचा पुरावा, नोकरीचा दाखला व पोलीस ठाण्यातील नोंद यांपलीकडे काही मागू नये, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.